सोनचाफ्याच्या पायात पाणी नको : कोल्हापूरच्या अंगणातला मॅग्नोलिया

माझा पहिला सोनचाफा बुडून मेला. आमचं घर कसबा बावड्याच्या बाजूला. भोवती सगळी काळी, चिकण माती. जूनच्या पहिल्या पावसावर दोन फूट खोल खड्डा घेतला, विकत आणलेली तांबडी माती आणि शेणखत त्यात भरलं आणि हौसेने रोप लावलं. जुलैच्या झडीत पानं हिरवीच राहिली, पण माना टाकू लागली. मला वाटलं झाड सुकतंय, म्हणून दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा वरून आणखी दोन बादल्या ओतल्या. ऑगस्टमध्ये उपटून पाहिलं. मुळं काळी पडली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आतला दोरा तेवढा हातात राहिला. वास डबक्यातल्या कुजक्या पाल्याचा.

शेजारच्या बागेत काम करणारे म्हातारे माळीमामा कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "वहिनी, ह्याला वरनं किती बी भिजू दे. पायात पाणी नको."

त्यानंतर लावलेली दोन्ही झाडं आज छातीएवढ्या उंचीवरून फांद्या पसरून उभी आहेत आणि आषाढ-श्रावणात रोज ओंजळभर फुलं देतात. या लेखात जे सांगणार आहे ते बरंचसं त्या एका वाक्याभोवतीच फिरतं. आपल्याकडे चाफा तहानेने क्वचित मरतो. तो मरतो चुकीच्या खड्ड्यात.

चाफे अनेक, मॅग्नोलिया थोडे

नर्सरीत जाऊन नुसता "चाफा द्या" म्हटलं तर हातात काहीही पडू शकतं. देवळापुढे असतो तो पांढरा देवचाफा, म्हणजे खुरचाफा, कण्हेरीच्या कुळातला. फांदी मोडली की चीक येतो आणि हिवाळ्यात झाड बोडकं होतं. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. नागचाफा आणखी वेगळा. भुईचाफा तर कंदातून उगवणारा. यातला एकही मॅग्नोलिया नाही.

सोनचाफा मात्र अस्सल मॅग्नोलिया. पूर्वी वनस्पतिशास्त्रात त्याला मायकेलिया चंपाका म्हणत, आता मॅग्नोलिया चंपाका म्हणतात. जुन्या पाट्यांवर आणि नर्सरीच्या यादीत अजून पहिलंच नाव दिसेल, त्याने गोंधळू नका. मॅग्नोलिया हे नाव प्येर मॅग्नोल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं (१६३८–१७१५). हे घराणं फार जुनं आहे, मधमाश्या जगात यायच्या आधीपासूनचं. म्हणून या फुलांचं परागीकरण मुख्यतः भुंगेरे करतात. सोनचाफ्याचं फूल उमलताना जवळून बघा, मधोमध हिरवट दांड्यावर स्त्रीकेसर चिकटून बसलेले दिसतील आणि पाकळ्यांच्या बुडाशी एखादा बारका काळा भुंगेरा लपलेला असेल. निदल आणि पाकळी असा भेदही या फुलात नाही, सगळी दलं सारखीच.

ओळखायची आणखी एक खूण सांगते, कारण नर्सरीत ती उपयोगी पडते. प्रत्येक नवं पान टोकदार टोपीच्या आत गुंडाळलेलं असतं. पान उघडलं की टोपी गळते आणि फांदीभोवती अंगठीसारखी बारीक रेघ मागे ठेवते. सोनचाफ्याच्या कोवळ्या फांदीवर अशा अंगठ्या ओळीने दिसतात. वड-पिंपळाच्या फांदीवरही अशा रेघा असतात, पण त्यांना चीक येतो, याला येत नाही.

हे झाड सदाहरित आहे. म्हणजे पानं गळत नाहीत असं नव्हे. जुनी पिवळी पानं वर्षभर थोडी थोडी गळत राहतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये जरा जास्त. झाड कधी उघडं पडत नाही एवढाच त्याचा अर्थ.

बी की कलम

घरासाठी कलमच घ्या. यात मला शंका नाही. बियांपासून वाढवलेलं रोप सरळसोट उंच जातं, जंगलात तर ते शंभर फुटांच्या घरात पोचतं. फुलायला सात-आठ वर्षं घेतं, कधी त्याहून जास्त, आणि फुललं तरी फुलं शेंड्यावर. शिडी लावून रोज फुलं काढणं आपल्याच्याने होत नाही. कलम दुसऱ्या वर्षीच फुलं दाखवतं, बुटकं राहतं आणि हाताच्या अंतरावर फुलतं. आपल्याकडच्या बहुतेक नर्सऱ्यांत "वेलणकर" या नावाने मिळणारं कलम लोकप्रिय आहे. भरपूर फुलणारं आणि गडद केशरी-पिवळ्या रंगाचं. वसई-पालघरकडचे शेतकरी ज्या सोनचाफ्याच्या बागा करतात आणि ज्याची फुलं दादरच्या बाजारात जातात, त्या बागाही कलमांच्याच असतात.

पांढरा सोनचाफाही मिळतो. त्याची फुलं लांबट, हस्तिदंती, वास जरा थंड. तो संकर आहे, त्याला सहसा बी धरत नाही, म्हणून तो कलमानेच वाढवतात. जागा असेल तर दोन्ही लावा. एकच लावायचा तर पिवळा.

आता कलम ओळखायचं कसं? मी एकदा फसले आहे. एका नर्सरीवाल्याने कलम म्हणून दिलेलं रोप सहा वर्षं नुसतं वाढत राहिलं. पिशवीतलं झाड हातात घ्या आणि मातीपासून वीत-दीड वीत वर खोड नीट निरखा. कलम असेल तर तिथे एक गाठ किंवा तिरका वण असतो, खालची साल वरच्या सालीपेक्षा वेगळी, जास्त खरबरीत दिसते आणि त्या जागी खोडाला किंचित बाक असतो. कधी कधी पट्टीचा तुकडाही अजून चिकटलेला असतो. सरळ, एकसंध, काठीसारखं खोड असेल तर ते बियांचं रोप, मग विकणारा काहीही सांगो.

एवढं जमलं की जोड किती पक्का आहे ते बघा. वरचा भाग हलकेच वाकवून पाहिला तर सांध्यात भेग पडू नये. सांध्याच्या वरचे दोन-तीन फुटवे जोमदार हवेत. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील आणि आत गोल गोल फिरली असतील तर ते रोप घेऊ नका. मॅग्नोलियाची मुळं मांसल, दोरीसारखी, ठिसूळ असतात. गुंडाळी झालेली मुळं नंतर सुटी करायला गेलात तर तुटतात आणि लवकर भरून येत नाहीत. दोन-अडीच फुटी रोप पाच फुटीपेक्षा बरं. मोठं झाड आणायची हौस असते, पण लहान झाडच लवकर बसतं आणि दोन वर्षांत मोठ्याला गाठतं.

बियांपासून करायचंच असेल, निव्वळ आवडीपोटी किंवा शेताच्या बांधासाठी, तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. पावसाळ्याच्या शेवटाकडे फळं उकलली की आत लाल-केशरी गरातल्या बिया दिसतात. बुलबुलांच्या आधी त्या काढा, गर चोळून धुवा आणि त्याच दिवशी पेरा. या बिया वाळवून ठेवल्या की रुजण्याची ताकद झपाट्याने जाते. रुजायला महिना-दीड महिना लागतो, वाफा ओलसर सावलीत ठेवा.

जागा

या झाडाला एकदा लावलं की हलवता येत नाही. त्या दोरीसारख्या मुळांमुळेच. दोन-तीन वर्षांनी "इथे गाडी लावायची आहे, झाड तिकडे सरकवू" असं म्हणून चालत नाही. म्हणून लावायच्या आधी एक आठवडा त्या जागेकडे नुसतं बघा.

ऊन दिवसाचे पाच-सहा तास हवं. पूर्वेचं किंवा ईशान्येचं ऊन उत्तम. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापते आणि एप्रिल-मेमध्ये कोवळ्या पानांच्या कडा भाजतात, म्हणून पश्चिमेला दुसऱ्या एखाद्या झाडाची किंवा इमारतीची सावली असेल तर बरं. जाड सावलीत झाड जगेल, पण फुलणार नाही.

कलम घराच्या भिंतीपासून किमान दहा-बारा फूट लांब, बियांचं झाड असेल तर वीस फूट. गटार, सेप्टिक टाकी आणि पाण्याच्या पाइपलाइनपासून दूर. वर विजेची तार नको. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात. सोनचाफ्याचं लाकूड ठिसूळ असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा सुटला की पहिल्यांदा यांच्या फांद्या मोडतात. ज्या कोपऱ्यातून वारा बोळातून यावा तसा येतो, तिथे लावू नका. दोन इमारतींमधली अरुंद जागा अशीच असते.

शहरात आहोत म्हणून हेही सांगून ठेवते. महाराष्ट्रात नागरी भागातलं झाड, आपल्या स्वतःच्या अंगणातलं असलं तरी, तोडायला परवानगी लागते. १९७५चा वृक्ष जतनाचा कायदा आहे. चुकीच्या जागी लावून दहा वर्षांनी हळहळण्यापेक्षा आज टेप घेऊन अंतर मोजा.

आधी मातीला विचारा

कोल्हापुरात एकाच गावात दोन वेगळ्या माती आहेत. नदीच्या बाजूला, बावडा, शिये, वडणगे या अंगाला काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चप्पल काढून घेते. पन्हाळा, जोतिबा, गगनबावड्याच्या बाजूला तांबडी, मुरमाड, निचऱ्याची. ज्यांच्याकडे तांबडी माती आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल, त्यांचं झाड जवळजवळ आपोआप येतं. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पश्चिमेला त्याच्या कितीतरी पट, आणि तरीही तिकडचे चाफे सुखात असतात. पाऊस किती यापेक्षा तो मुळाशी किती वेळ थांबतो हे महत्त्वाचं.

परीक्षा सोपी आहे. जिथे लावायचं तिथे दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा, ते मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात दिसत असेल, तर त्या जागी खड्ड्यात झाड लावू नका.

इथेच माझी पहिली चूक समजली. काळ्या मातीत खोल खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत तांबडी माती भरली की तो खड्डा हौद होतो. भोवतालची चिकण माती भिंतीचं काम करते, सगळीकडचं पाणी मऊ मातीत येऊन बसतं आणि बाहेर जायला वाट नसते. आपण चांगलं करायला जातो आणि झाडाला टाकीत उभं करतो. तळाला विटांचे तुकडे किंवा खडी टाकूनही हे सुटत नाही, कारण खडीतलं पाणीही शेवटी त्याच चिकण मातीवर थांबतं.

काळ्या मातीतला उपाय म्हणजे वर चढणं. जमीन एक फूट खोल, पण चार-पाच फूट रुंद खोदून मोकळी करा. त्याच काळ्या मातीत निम्मी तांबडी माती किंवा बारीक मुरूम, दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि जमिनीपासून एक ते दीड फूट उंच, पसरट उंचवटा करा. बुट्टी पालथी घालावी तसा, पण उतार हळू. झाड या उंचवट्यावर लावायचं. कडेने एक उथळ चर काढून अंगणाच्या उताराकडे न्या. नदीकाठच्या ज्या वस्त्यांत २०१९ आणि २०२१च्या पुरात पाणी आलं, तिथे जमिनीत चाफा लावण्याचा हट्टच सोडा आणि मोठ्या कुंडीत, गच्चीवर लावा.

लावणी

मुरमाड जमिनीत मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की, म्हणजे जूनच्या मध्यावर लावा. काळ्या जमिनीत मात्र मी घाई करत नाही. गणपतीच्या सुमारास, मोठा पाऊस ओसरला की लावते. माती अजून ओली असते, ऊन कोवळं असतं आणि थंडी पडायच्या आत मुळांना दोन-अडीच महिने मिळतात.

मुरमाड जमिनीत खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल. पंधरा दिवस आधी खोदून उन्हात तापू द्या. भरायला निघालेली माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत साधारण तीनास एक प्रमाणात, अर्धा किलो निंबोळी पेंड, मूठभर ट्रायकोडर्मा (मूळकुजीला आवरणारी उपयोगी बुरशी, पावडर मिळते). ओलं किंवा अर्धवट कुजलेलं शेणखत घालू नका. ते खड्ड्यात तापतं, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) वापरायची तर पुरती कुजवलेलीच, आणि थोडीच.

पिशवी ओढून काढू नका. उभी चिरा, दोन बाजूंनी उघडा आणि मातीचा गड्डा दोन्ही तळहातांवर घेऊन अलगद खाली ठेवा. गड्डा फुटला तर मुळं तुटतात, आणि याची तुटलेली मुळं सहज येत नाहीत. पिशवीतल्या मातीचा वरचा थर बाहेरच्या मातीच्या पातळीला किंवा दोन बोटं वर राहील एवढीच खोली ठेवा. कलमाचा जोड मातीच्या वर किमान वीतभर हवा. जोड मातीत गाडला गेला तर खालच्या जंगली खुंटाचे फुटवे वर येतात, किंवा जोडच कुजतो. माती पायाने तुडवू नका, हाताने दाबा.

लगेच दोन बांबू दोन बाजूंना रोवून रोपाला सुतळीने आठाच्या आकड्यासारखा सैल बांध द्या, म्हणजे खोडाला सुतळी काचत नाही. मग पाणी, माती बसेल एवढं.

शेवटी पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. ऊस तुटला की आपल्या भागात ते हवं तेवढं मिळतं, आणि चाफ्यासाठी त्याच्याइतकं चांगलं आच्छादन मला सापडलेलं नाही. तीन-चार बोटं जाडीचा थर आळ्यात पसरा, पण खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवा. खोडाला चिकटून ओलं पाचट राहिलं की साल कुजते. उन्हाळ्यात या थराखाली हात घालून बघा, वर माती तापलेली असताना आत गारवा असतो आणि पांढरी बारीक मुळं अगदी वरच्या थरात आलेली दिसतात. म्हणूनच चाफ्याच्या आळ्यात खुरपं खोल घालू नये. तण हाताने उपटा.

पाणी

पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यावर एक दिवसाआड दहा-बारा लिटर. मार्चपासून मेपर्यंत रोज तेवढंच, शक्यतो संध्याकाळी. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी वीस लिटर. तिसऱ्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा, पण भरपूर, आळ्याच्या कडेकडेने. हे आकडे काट्यावर धरू नका. पाचट बाजूला सारून दोन इंच बोट मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. काळ्या मातीत ही सवय आकड्यांपेक्षा जास्त कामाची, कारण वरचा थर कोरडा आणि आत चिखल असं तिथे नेहमी होतं.

पाणी कमी पडलं की पानं मलूल होतात आणि पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत उभी राहतात. पाणी जास्त झालं की तशीच मलूल होतात, पण पाणी दिलं तरी उठत नाहीत. फरक एवढाच. माती ओली आणि पान मलूल असं दिसलं तर बादली खाली ठेवा आणि चर मोकळा करा.

पहिले दोन उन्हाळे दुपारच्या उन्हापासून आडोसा करा. पश्चिमेच्या बाजूने दोन काठ्यांवर हिरवी शेडनेट किंवा उसाच्या पाल्याचं तट्टं. जून आला की काढून टाका.

पिवळी पानं, हिरव्या शिरा

कोल्हापुरात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. नवी पानं पिवळी येतात, पण शिरा हिरव्या राहतात. लोक खत वाढवतात, आणखी पिवळी होतात.

हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण, आणि बहुतेक वेळा मातीत लोह असतंच. चाफ्याला किंचित आम्ल माती आवडते. आपली काळी माती विम्लतेकडे, म्हणजे आम्लाच्या उलट टोकाकडे झुकलेली, त्यात बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह मुळांना उचलता येत नाही. दोन गोष्टी करा. लगेचचा उपाय म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह द्या, पण दुकानात ईडीटीए प्रकारचं मिळालं तर ते चुनखडीच्या मातीत फारसं टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचं मागा, ते महाग असतं, थोडंच लागतं, आणि पाण्यात विरघळवून आळ्यात द्यायचं. दीर्घ उपाय म्हणून शेणखत, पाचट आणि शक्य तिथे पावसाचं साठवलेलं पाणी.

आणि गुऱ्हाळाच्या चुलवणातली राख. आपल्याकडे ती फुकट मिळते, बायका-माणसं "झाडाला चांगली असते" म्हणून पाटीभर आळ्यात ओततात. नारळाला घाला, केळीला घाला. चाफ्याला घालू नका. राखेने माती आणखी विम्ल होते आणि पिवळेपणा वाढतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, एका मैत्रिणीचं उत्तम झाड एका हंगामात निस्तेज झालं. राख बंद करून वरची माती बदलल्यावर ते सावरायला दीड वर्ष लागलं.

जुनी, खालची पानं पिवळी होऊन गळत असतील तर ते साधं वय झालं म्हणून. तिकडे लक्ष देऊ नका.

खत साधं ठेवा. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये एकेक पाटी शेणखत किंवा तीन-चार किलो गांडूळखत, सोबत अर्धा किलो निंबोळी पेंड. आळ्याच्या कडेला पसरा, वर पाचट. कलम फुलत असेल तर जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पाणी). नुसता युरिया दिला तर हातभर फांद्या येतील आणि फुलं येणार नाहीत.

शेंडा खुडणं

सोनचाफ्याची कळी पानाच्या बगलेत, नव्या फुटीवर येते. म्हणजे जितके नवे शेंडे तितकी फुलं. कलम गुडघ्याच्या वर गेलं की मुख्य शेंडा नखाने खुडा. तिथून दोन-तीन फांद्या फुटतील. त्या हातभर वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडा. दोन वर्षं असं केलं की झाड गोल, भरगच्च होतं. पहिल्या वर्षी कळ्या आल्या तर मन घट्ट करून खुडून टाका, झाडाला आधी मुळं धरू द्या. एखाददुसरी ठेवलीत तर मी काही म्हणणार नाही.

मोठी छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी, नवी पालवी फुटायच्या आधी. झाड आठ-दहा फुटांवर ठेवायचं असेल तर दरवर्षी थोडं थोडं छाटा, एकदम चौथाईपेक्षा जास्त कधीही नाही. मॅग्नोलियाच्या मोठ्या जखमा भरायला फार वेळ घेतात. अंगठ्यापेक्षा जाड फांदी कापली तर कापावर बोर्डो मलम लावा : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी या प्रमाणात, घरापुरतं कमी करून. भर पावसात छाटू नका.

कलमाच्या जोडाखालून फुटलेला प्रत्येक धुमारा दिसताक्षणी काढा. तो खुंटाचा असतो, जोरकस असतो आणि दोन वर्षांत वरच्या कलमाला दाबून टाकतो. ओळखायचा कसा? जोडाखाली आहे म्हणजे काढायचा, बाकी विचार नको.

झाडावर हिरव्या मण्यांचे घोस दिसले तर ती फळं. बी नको असेल तर खुडा, त्यांत झाडाची ताकद जाते आणि पुढची फुलं कमी होतात.

कीड

फार त्रास नाही. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण फांद्यांवर बसतात. ते आले की आधी मुंग्यांची रांग दिसते, मग पानांवर काळी काजळी. ओल्या फडक्याने पुसा, साबणाच्या पाण्यात निंबोळी तेल, लिटरला पाच मिलि, संध्याकाळी फवारा, आणि मुंग्यांची वाट बंद करा.

कोवळ्या पानांना कडेने भोकं पडली आणि फुगीर डोक्याची हिरवी अळी दिसली, तर फवारू नका. ती बहुधा टेल्ड जे या काळ्या-हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराची अळी असते. सोनचाफा हे तिच्या आवडत्या झाडांपैकी एक. चार पानं खाते आणि उडून जाते. रोप अगदी लहान असेल तरच अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवा.

कुंडीत

कलम कुंडीतही छान येतं. अठरा-वीस इंचांची कुंडी किंवा अर्धा कापलेला ड्रम, तळाला चार-पाच मोठी भोकं, खाली दोन विटा म्हणजे पाणी मोकळं निघेल. माती दोन भाग तांबडी, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट. काळी माती कुंडीत नकोच. उन्हाळ्यात रोज पाणी. दोन वर्षांनी वरची तीन-चार इंच माती काढून नवी भरा, पूर्ण झाड उपटून कुंडी बदलण्यापेक्षा हे बरं. गच्चीवर ठेवताना बीमच्या वर ठेवा, ओल्या मातीचं वजन फार असतं.

मोठ्या पांढऱ्या फुलांचा हिमचंपा

चित्रांत दिसणारी थाळीएवढी पांढरी फुलं ज्यांना हवी असतात ते हिमचंपा मागतात, म्हणजे मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा. तो मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. पान जाड, वर चकचकीत हिरवं, खालून तांबूस मखमलीसारखं, फूल वीतभर, कधी त्याहून थोडं रुंद, लिंबाची झाक असलेल्या वासाचं. कोल्हापूर शहरात तो जगतो, पण संथ वाढतो आणि मार्च-मेच्या कोरड्या उन्हात पानांच्या कडा जळतात. पन्हाळा, आंबा घाट या बाजूच्या गार हवेत त्याला जास्त बरं वाटतं. लावायचा असेल तर कलम किंवा लिटल जेमसारखा बुटका वाण शोधा, कारण बियांचं झाड फुलायला दहा वर्षांहून जास्त घेऊ शकतं. सकाळचं ऊन, दुपारची सावली, मुरमाड माती. बाकी सगळं सोनचाफ्यासारखंच. आणखी लहान जागेत, खिडकीशी, कवठी चाफा लावा. तो मॅग्नोलियाच्याच घरातला, झुडूपच राहतो आणि रात्री वास देतो.

फुलं तोडताना

कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी नियमित फुलू लागतं. जून ते सप्टेंबर भर, पुढे हिवाळ्यातही अधूनमधून.

सूर्य वर यायच्या आत तोडा, अर्धी उमललेली कळी. पूर्ण उमललेलं फूल दुपारपर्यंत तपकिरी पडतं. पाकळीला बोट लावू नका, जिथे दाब पडतो तिथे तासाभरात डाग उठतो. देठ दोन बोटांत धरून बाजूला वळवा, तो आपोआप सुटतो. ओढलात तर बगलेतली पुढची कळीही निघून येते.

अंबाबाईला न्यायची असतील तर ओल्या कर्दळीच्या किंवा केळीच्या पानात सैल बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत गुदमरतात. घरात ठेवायची तर पितळी वाटीत बोटभर पाणी घेऊन देठ खाली ठेवा, पाकळ्या पाण्याला लागू देऊ नका. काचेच्या बाटलीत पाणी भरून, कळी पूर्ण बुडवून, झाकण घट्ट लावून ठेवायची जुनी पद्धतही अजून कित्येक घरांत आहे. कळी महिनोन् महिने पिवळी दिसते, वास मात्र राहत नाही. माझ्या सासूबाईंची अशी एक बाटली अजून देवघराच्या कोनाड्यात आहे.